पहिला खर्डा मध्येच अडतो तेव्हा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: कादंबरीची अकरा प्रकरणं झाली आहेत, साधारण २८,००० शब्द. पहिलं प्रकरण सात वेळा नव्यानं लिहून झालं. नायिका सुरुवातीला शिक्षिका होती, सातव्या प्रकरणापासून ती न्यायालयात टंकलेखक झाली. चौथ्या प्रकरणात जो भाऊ अपघातात गेला, त्याचीच आता कथेला गरज भासते आहे. दोन महिने पुढे एक ओळ सरकलेली नाही. तर मागचं सगळं दुरुस्त करून मग पुढे जावं, तसंच रेटावं, की हे बाजूला ठेवून नवीन काही सुरू करावं?

उत्तर आधी देतो, कारणं मग. मागे जाऊ नका. भाऊ जिवंत आहे आणि नायिका पहिल्यापासून टंकलेखकच होती असं धरून बारावं प्रकरण लिहायला घ्या. चौथ्या प्रकरणातला अपघात आहे तिथेच राहू द्या. मेलेला माणूस बाराव्यात दार ठोठावतोय हे विचित्र वाटेल, पण सध्या ते वाचणारे तुम्ही एकटेच आहात.

आता अडचण नेमकी काय आहे ते पाहू. खर्ड्यात दोन तऱ्हेचा कच्चेपणा असतो आणि लिहिणारे बहुतेक वेळा त्यांची सरमिसळ करतात. एक कच्चेपणा वाक्यांचा. ओबडधोबड रचना, तेच विशेषण चार वेळा, पाल्हाळिक संवाद, वर्णनाच्या जागी नुसती पोकळी. हा कितीही असला तरी खर्डा पुढे जातो. दुसरा कच्चेपणा निर्णयांचा. हिला नक्की काय हवंय, भाऊ आहे की नाही, गोष्ट कोण सांगतंय. हा असला की पुढचा प्रसंग कशावर उभा करायचा तेच कळत नाही आणि हात थांबतो. पहिलं प्रकरण सात वेळा लिहिताना तुम्ही वाक्यांवर घाम गाळलात. लोंबकळत होते ते निर्णय. म्हणून मेहनत झाली आणि गाडी जागची हलली नाही.

शिवाय पहिलं प्रकरण आत्ता नीट होऊच शकत नाही, त्याला एक साधं कारण आहे. तिथे कुठली माहिती द्यायची, कुठली दडवायची, कोणाला आधी दाखवायचं हे शेवटावरून ठरतं, आणि शेवट अजून लिहिलेला नाही. त्यामुळे सातवी आवृत्ती दुसरीपेक्षा वेगळी असेल, चांगली असेलच असं नाही. शेवट हातात आल्यावर ती आठव्यांदा बदलावीच लागेल. अनेकदा तर कादंबरी तिसऱ्या प्रकरणापासून सुरू व्हायला हवी होती असं तेव्हा लक्षात येतं आणि पहिली दोन प्रकरणं सरळ गळतात. गळणाऱ्या पानांवर इतकं कोरीवकाम कशाला?

तुम्ही अडलात ती जागाही समजून घ्या. कादंबरी ८०,००० शब्दांची धरली तर २८,००० म्हणजे ३५ टक्के. इथपर्यंत सुरुवातीची शिदोरी पुरते: माणसांची ओळख होते, घर दिसतं, कुरबुर सुरू होते. हे सगळं तुमच्या मनात लिहायच्या आधीपासून होतं. ते संपलं की पुढच्या घटना पात्रांच्या वागण्यातून निघाव्या लागतात. पात्राला काही ठोस हवं नसेल तर त्यातून काहीच निघत नाही. अर्धवट सुटलेली हस्तलिखितं पुष्कळदा याच सुमारास थांबलेली असतात, ती यामुळेच. तेव्हा कथाबीजच फसलं असा निष्कर्ष एवढ्यावरून काढू नका.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकतो. रहस्यकथा लिहीत असाल तर 'पुढे लिहीत राहा' हा सल्ला अर्धाच लागू पडतो, कारण कुठला धागा वाचकाला कधी मिळतो या क्रमावरच सगळं उभं असतं. तिथे पुढे जाण्याआधी धाग्यांचा क्रम एका कागदावर जुळवून घ्यावा लागतो. तीन पिढ्यांची गोष्ट असेल तर वयांचा तक्ता आधी लागेल. आणि काही लेखक खरोखरच प्रत्येक पान पक्कं करूनच पुढे जातात आणि पुस्तकं पूर्ण करतात. ती पद्धत चुकीची नाही. ज्याचं काम तिच्यानं पूर्ण होतं त्याच्यासाठी ती बरोबर आहे. तुमचं दोन महिने अडलंय, म्हणजे निदान या कादंबरीपुरती ती तुमची पद्धत नाही.

पुढे जायचं आणि मागचं विसरायचंही नाही, यासाठी एक वही लागते. मी तिला बदलवही म्हणतो. खर्ड्याच्या फाइलपेक्षा वेगळी ठेवा, शक्यतो कागदाची. प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी: काय बदललं, कुठल्या प्रकरणापासून नवं धरलंय, मागे कुठे कुठे हात लावावा लागेल. तुमची पहिली नोंद अशी होईल: 'नायिका टंकलेखक. ७ पासून. मागे: १, २, ३ मधले शाळेचे प्रसंग; ५ मधली सुट्टी.' दुसरी: 'भाऊ जिवंत, घर सोडून गेलेला. १२ पासून. मागे: ४ मधला अपघात, ६ मधलं आईचं रडणं, ९ मधला भिंतीवरचा फोटो.' नोंद तीनचार ओळींच्या वर जाऊ देऊ नका. तिथेच दुरुस्ती कशी करायची याचा विचार सुरू झाला की तुम्ही पुन्हा मागे गेलात असं समजा.

या वहीचा खरा उपयोग दुरुस्तीच्या वेळी होतोच, पण त्याआधी एक होतो. बदल कुठेतरी लिहून ठेवला की तो डोक्यात घोळत राहत नाही. मागे जायची ओढ बरीचशी 'हे विसरलो तर?' या धास्तीतून येते. दुसरंही असं की तिथे लिहिलेले बरेच बदल पुढे रद्द होतात. भावाचंच घ्या. दोन प्रकरणं लिहून पाहिलं आणि जिवंत भावाला करण्यासारखं काहीच नाही असं दिसलं, तर तो पुन्हा मेलेला ठरवा. खर्च काय झाला? तुमची प्रकरणं सरासरी अडीच हजार शब्दांची आहेत, म्हणजे पाच हजार शब्द. तेच आधी चौथ्यापासून अकराव्यापर्यंत सगळं दुरुस्त केलं असतं तर वीस हजार शब्द दोनदा फिरवावे लागले असते.

मात्र बारावं प्रकरण सुरू करण्याआधी एक काम करा, आणि त्यात घाई करू नका. जे लिहून झालंय त्याचा उलटा आराखडा काढा. दोन संध्याकाळी पुरतात. अकराही प्रकरणं अशा रूपात उघडा जिथे बदल करताच येत नाही: छापील प्रत घ्या, नाहीतर पीडीएफ करून फोनवर वाचा. मूळ फाइल उघडली की बोटं वाक्यांकडे वळतात, हे ठरलेलं आहे. वाचत जा आणि प्रत्येक प्रसंगासाठी एकच ओळ लिहा: कोणाला काय हवं होतं, आड कोण किंवा काय आलं, शेवटी काय बदललं. 'नायिकेला रजा हवी. वरिष्ठ नाही म्हणतात. ती न सांगता निघून जाते' अशी ती ओळ असावी. 'नायिका ऑफिसात जाते, तिथलं वातावरण' अशी होत असेल, तर त्या प्रसंगात काही घडतच नाही. त्याच्यापुढे फुली मारा आणि पुढे चला. फुली म्हणजे प्रसंग काढून टाकायचा असं नव्हे, ती फक्त खूण.

फुल्या कशा पडल्यात ते बघा. लागोपाठ तीन पडल्या असतील तर बिघाड तिथे आहे, तुम्ही थांबलात त्या पानावर नाही. हात अकराव्या प्रकरणात थांबतो, पण कारण पुष्कळदा आठव्यात असतं. तिथे पात्राला काहीतरी ठरवायला लागणार होतं आणि लेखकानं ते टाळलं. बहीण विचारते, 'तू त्याला भेटलीस का?' आणि फोन वाजतो. फोन वाजणं, पाहुणे येणं, वीज जाणं, झोप लागणं: निर्णयाच्या तोंडावर यांपैकी काही घडलं असेल तर संशय घ्यायला हरकत नाही. तो प्रश्न बदलवहीत लिहा, त्याचं उत्तर तिनं दिलं होतं असं धरा आणि त्या उत्तराचे परिणाम बाराव्यात येऊ द्या. गाडी सुटायला अनेकदा एवढं पुरतं.

फुल्या विखुरलेल्या असतील, एका जागी दाटलेल्या नसतील, तर दुसरीकडे शोधा. नायिकेची इच्छा फार धूसर असेल: तिला 'स्वातंत्र्य' हवं असेल तर त्याचा प्रसंग होत नाही, तिला स्वतःच्या नावावर खोली हवी असेल तर होतो. किंवा तिच्या आड येणारी माणसं नुसती वाट बघत बसलेली असतील. त्यांनाही स्वतःचे बेत हवेत, आणि ते नायिका पानावर नसतानाही पुढे सरकत असायला हवेत. एक सोपी युक्ती: विरोधातल्या पात्राच्या नजरेतून गेल्या चार प्रकरणांत काय घडलं ते एका पानात लिहा. हे पान कादंबरीत जाणार नाही. पण त्यातून पुढचे दोनतीन प्रसंग हमखास निघतात. तिसरं कारण पात्रांची गर्दी. पहिल्या अकरा प्रकरणांत नाव असलेली पंधराहून जास्त माणसं असतील, तर त्यांतल्या दोघादोघांची कामं एकाला देता येतात का ते पाहा, वहीत नोंदवा, आणि बाराव्यापासून तो एकच माणूस वापरा.

आता रोजच्या लिखाणाकडे. पहिल्या खर्ड्यात वेग सर्वांत जास्त कशानं तुटतो, तर बारीकसारीक माहिती शोधायला उठल्यानं. न्यायालयात अर्ज कुठल्या खिडकीवर देतात हे बघायला म्हणून गेलेला माणूस दीड तासानं परत येतो. यासाठी खूण ठरवून घ्या, जी मजकुरात एरवी कधीच येणार नाही. '@@' चांगली चालते. 'तिने अर्ज @@कुठे देतात@@ दिला आणि बाहेर आली' असं लिहून पुढे जायचं. नंतर '@@' शोधलं की सगळ्या मोकळ्या जागा रांगेनं सापडतात. नाव सुचत नसेल, कपडे ठरत नसतील, पाऊस होता की ऊन हे आठवत नसेल, सगळ्याला हीच खूण. अपवाद एकच: त्या माहितीवर पुढची घटना अवलंबून असेल तर थांबून बघा. टंकलेखकाच्या हाती निकालाचा मसुदा जाहीर होण्याआधी येऊ शकतो की नाही यावर तुमचं कथानक उभं असेल, तर ते आधी कळायलाच हवं. पण घड्याळ लावून, अर्धा तास. तेवढ्यात नाही मिळालं तर 'येतो' असं धरून पुढे, आणि वहीत नोंद.

हे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर तसंच वाचता येणाऱ्या मराठी अक्षरांत, लिहीत असाल तरच नीट चालतं. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर शोधताना दगा देतो आणि पुढे रूपांतर करताना जोडाक्षरं बिघडतात. आत्ता २८,००० शब्दांवर असतानाच बदलून घ्या, ८०,००० झाल्यावर नको.

नावं बदलण्याबद्दल एक सावधगिरी, कारण मराठीत हा खड्डा खोल आहे. पात्राचं नाव मध्येच बदललं तर 'सगळीकडे बदला' हे बटण दाबू नका. 'रमा'ची 'सुधा' करायला गेलात तर घरमालकाचा 'घसुधालक' होतो आणि परमार्थाचा 'पसुधार्थ'. जिथे जुन्या वळणानं 'रमेला' लिहिलं असेल ते सुटून जातं. पुरुषाची बाई किंवा बाईचा पुरुष केलात तर क्रियापदं, विशेषणं सगळीच बदलतात, ते कुठल्याही बटणाला जमत नाही. नवं नाव इथून पुढे वापरा, वहीत लिहा, मागचं हातानं करायचं ते पुनर्लेखनात.

निवेदक बदलावासा वाटला तर? तृतीय पुरुषी निवेदनावरून 'मी'वर यावंसं वाटणं हे बहुधा याच टप्प्यावर होतं. 'ती उठली, तिने दार उघडलं' याचं 'मी उठले, मी दार उघडलं' होतं. पहिलं क्रियापद बदलतं, दुसरं तसंच राहतं, म्हणजे यांत्रिक बदल शक्य नाही. पण खरं काम त्याहून मोठं आहे: 'मी' जिथे हजर नाही ते सगळे प्रसंग जातात, किंवा तिला ते कोणाकडून तरी कळावे लागतात. म्हणून आधी बारावं आणि तेरावं प्रकरण 'मी'मध्ये लिहून बघा. आवाज सापडला आणि लिहिणं सोपं झालं, तर शेवटपर्यंत तसंच जा. मागची अकरा नंतर. दोन प्रकरणांनंतरही 'मी' फक्त स्वतःच्या भावना समजावून सांगत बसली असेल, तर परत या. असं परत येणं मी तरी वाया गेलेलं काम मानत नाही, कारण त्या दोन प्रकरणांत नायिका कशी बोलते ते तुम्हाला कळलेलं असतं.

'केले' की 'केलं', 'तिने' की 'तिनं' हा घोळ जवळपास प्रत्येक खर्ड्यात असतो. एकदा ठरवा, वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि चुकलं तर चुकू द्या.

रोज किती लिहावं याला एकच आकडा नाही, पण हिशेब मांडता येतो. पाऊण ते एक तासाच्या बैठकीत ४०० ते ६०० शब्द कच्च्या खर्ड्यासाठी वाजवी आहेत. ५०० धरले, आठवड्यातून पाच बैठका, म्हणजे आठवड्याला २,५००. तुमचे उरलेले ५२,००० शब्द साधारण २१ आठवड्यांत होतील. आजारपण, पाहुणे, कामाचा ताण यांसाठी पाच आठवडे सोडा. सहा महिने. हा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण 'कधीतरी संपेल' या भावनेनं लिहिणारा माणूस महिन्याभरात खचतो. एखाद्या दिवशी १,८०० झाले तर आनंदच आहे, पण दुसऱ्या दिवशीची बैठक त्यामुळे माफ होत नाही. मोठ्या दिवसानंतरच खाडे होतात.

ज्यांना फक्त रविवारीच वेळ मिळतो त्यांना हा हिशेब लागू नाही. सहा दिवसांनी गोष्टीत परत शिरायलाच वीसपंचवीस मिनिटं जातात. त्यांनी आठवड्याच्या मध्यावर एकदा दहा मिनिटं काढून पुढच्या प्रसंगाच्या पाच ओळी लिहून ठेवाव्यात, अगदी फोनवरही. रविवारी कोऱ्या पानापुढे बसावं लागत नाही.

बैठक सुरू करताना मागचं फक्त शेवटचं पान वाचायचं. प्रकरण नाही, एक पान. टंकनाची चूक दिसली तर सुधारा, वाक्य खटकलं तर खटकू द्या. आणि उठताना प्रसंग पूर्ण करून उठू नका. संवाद चालू असताना, पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबा. त्याखाली '@@' लावून पुढच्या दोन गोष्टी लिहा: '@@भाऊ चिठ्ठी देतो, ती वाचत नाही.' प्रकरणाच्या शेवटी थांबलात तर दुसऱ्या दिवशी नवं प्रकरण सुरू करण्याचं ओझं घेऊन बसावं लागतं आणि ते टाळायला माणूस पहिलं प्रकरण उघडतो.

एखादा प्रसंग मुळीच जमत नसेल तर आधी नुसते संवाद लिहा, नाटकासारखे, नाव आणि बोलणं. 'म्हणाली', 'बघितलं', खिडकी, चहा काही नको. पंधरा मिनिटांत कळतं की दोघांना एकमेकांकडून काही हवंय की नुसती माहिती वाचकाला पोचवायची आहे. माहितीच पोचवायची असेल तर तो प्रसंग लिहू नका, दोन ओळींत सांगून टाका. कच्च्या खर्ड्यात 'सांगून टाकणं' हा गुन्हा नाही. मात्र पानंच्या पानं सांगण्यातच चालली असतील, सगळं 'मग असं झालं, मग तसं झालं' असं होत असेल, तर तुम्ही खर्डा लिहीत नाही आहात, लांबलेला आराखडा लिहीत आहात. तो ८०,००० पर्यंत पोचत नाही, वीसेक हजारांत संपतो. पाच प्रसंगांमागे निदान तीन पूर्ण उभे करा.

प्रसंग वगळून पुढे उडी मारावी का? मारावी, पण मोजून. जो प्रसंग डोळ्यांपुढे स्पष्ट आहे तो आधी लिहिल्यानं जोर येतो हे खरं. धोका असा की चारपाच धमाकेदार प्रसंग लिहून होतात आणि मधले उरतात. मग ते लिहायचा कंटाळा येतो, आणि त्यांतच पात्रं बदलणार होती. म्हणून एका वेळी दोनपेक्षा जास्त प्रसंग ओलांडू नका, आणि ओलांडलेल्या जागी पाच ओळींचा पूल लिहा: कोण कुठून कुठे गेलं, काय कळलं, काय बिनसलं. पाच ओळीही सुचत नसतील तर तो भाग बहुधा नकोच आहे. काढून पाहा.

आत्तापर्यंतचं एकत्र धरलं तर क्रम असा लागतो: दोन संध्याकाळी उलटा आराखडा, एका संध्याकाळी बदलवहीच्या नोंदी, आणि त्याच आठवड्यात बारावं प्रकरण.

खर्डा चालू असताना कोणाला वाचायला देऊ नका, हे मी जरा हट्टानं सांगतो. वाचणाऱ्याला पहिली तीनच प्रकरणं दिली जातात, तो त्यांच्याबद्दलच बोलणार, आणि तुम्ही परत पहिल्या प्रकरणात. कौतुक झालं तरी नुकसान होतं, कारण कौतुक झालेल्या गोष्टीला हात लावायला पुढे जड जातं. लिहितोय की नाही एवढं विचारणारा एखादा मित्र असेल तर त्याला दर आठवड्याला फक्त शब्दसंख्या कळवा.

आता तुमचा तिसरा पर्याय, सोडून देण्याचा. कधी सोडावी? उलटा आराखडा काढून झाला, इच्छा ठोस करून पाहिली, नंतर तीनचार प्रकरणं लिहिली, आणि तरीही पुढे काय होतं हे कळून घ्यायची तुम्हालाच उत्सुकता उरली नाही, तर बाजूला ठेवा. त्याआधी नको. नवीन कथाबीज अडलेल्या कादंबरीपेक्षा नेहमीच आकर्षक दिसतं, कारण त्यात अजून काही लिहिलेलं नसतं. ते वेगळ्या कागदावर अर्ध्या पानात टिपून ठेवा. तेही २८,००० शब्दांवर इथेच येऊन उभं राहणार आहे.

शेवटचा चौथा भाग बहुतेकांचा घाईत होतो. संपवण्याची ओढ लागते, प्रसंग पाचसहाशे शब्दांचे व्हायला लागतात. होऊ द्या, फक्त अशा प्रत्येक प्रसंगापुढे '@@आखूड' लिहा. शेवट दोन सुचत असतील तर दोन्ही लिहा, प्रत्येकी दोनतीन पानांत. वाद मनात घालत बसलात तर महिना जातो, लिहून दोन दिवसांत सुटतो: एक शेवट लिहिताना मागची दहा कारणं आपोआप आठवतात, दुसरा लिहिताना ती शोधावी लागतात.

प्रती जपा. रोज बैठक संपली की फाइलची नक्कल तारखेसह दुसऱ्या ठिकाणी, स्वतःला ईमेल केली तरी चालते. हातानं लिहीत असाल तर पानाच्या एकाच बाजूला लिहा, पानांना क्रमांक द्या, आणि दर प्रकरणाचे फोटो काढून ठेवा. काढून टाकलेला मजकूर पुसू नका. 'काढलेलं' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये टाका. त्यातलं फारच थोडं परत वापरलं जातं, पण ते तिथे आहे म्हणून कापताना हात थरथरत नाही.

खर्डा संपला हे कसं ओळखायचं? शेवटचा प्रसंग लिहिलेला आहे, मधल्या प्रत्येक पोकळीत पूल किंवा '@@' आहे, बदलवही ताजी आहे. एवढं झालं की संपला, मग भाऊ चौथ्यात मेलेला आणि विसाव्यात जेवत का बसलेला असेना. त्यानंतर चार ते सहा आठवडे फाइल उघडू नका. उघडाल तेव्हा आधी बदलवहीतल्या नोंदी मोठ्या ते लहान अशा लावा: संपूर्ण प्रसंग घालणारे किंवा काढणारे बदल वर, नावं, तारखा आणि शुद्धलेखन तळाशी. वरून खाली काम करा. जो प्रसंग उद्या जाणार आहे त्यातले अनुस्वार आज सुधारण्यात अर्थ नाही.